तक्ता भरण्याआधी

आमच्या मालकांनी मागितलेला तक्ता मी अजून दिलेला नाही. मागणी साधी आहे. हिशेब विभागात कोण कोणतं काम करतं, त्याला महिन्याकाठी किती वेळ जातो आणि नवं सॉफ्टवेअर बसवलं की त्यातलं किती आपोआप होईल, हे एका शीटमध्ये मांडून द्यायचं. "सध्या कुणाला बोलू नका, मॅडम," असं त्यांनी बजावलं. आणि त्याच बैठकीत, हे काम मार्गी लागलं की विभागाची संपूर्ण जबाबदारी तुमच्याकडे, पद वेगळं, पगारही त्याप्रमाणे, हेही सांगितलं. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या गेल्या. घरी आल्यावर त्या एकमेकींपासून सोडवता येतात का, हे मी पाहत बसले. सुटल्या नाहीत.

मी बदलापूरला राहते. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत, औषध कंपन्यांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. विभागात माझ्याखेरीज तिघं. एक काका, पन्नाशी ओलांडलेले, खरेदीची बिलं चढवतात. एक ताई विक्रीची बिलं आणि ई-वे बिलं काढतात. आणि बी.कॉम. होऊन नुकतीच लागलेली एक मुलगी, जी बँकेची मिळवणी करते. काका मला ऑफिसात सगळ्यांसारखं मॅडम म्हणतात आणि गेटबाहेर पडलं की ताई म्हणतात.

सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक मी पाहिलं. बिल स्कॅनरखाली ठेवलं की पुरवठादाराचा जीएसटी नंबर, एचएसएन कोड, दर, कर, एकूण रक्कम, सगळं त्या त्या रकान्यात जाऊन बसतं. पोर्टलवरच्या टूबी विवरणाशी ते स्वतःच ताडून बघतं आणि जे जुळत नाही ते लाल रंगात दाखवतं. काकांच्या टेबलावरचा एका दिवसाचा गठ्ठा चहा संपायच्या आत संपला. नाही म्हणायला, ट्रान्सपोर्टवाल्याची हाताने लिहिलेली पावती त्याला वाचता आली नाही आणि कार्बन पुसट उमटलेल्या एका चलनावर ते अडलं. दाखवायला आलेला मुलगा म्हणाला, "हे पण शिकेल ते." त्या क्षणी मला त्या पुसट चलनाचा आधार वाटला, आणि मग असल्या आधाराची भीती वाटली. तीन माणसांच्या नोकऱ्या कार्बन पेपरच्या भरवशावर टिकवायच्या असतील, तर त्या टिकणार नाहीत.

सॉफ्टवेअर यावं की येऊ नये, याची चिकित्सा मी इथे करत नाही. ते येणार. प्रश्न माझ्यापुरता आहे. माझ्या हातात एक बातमी आहे, ज्यांच्याबद्दल ती आहे ते माझ्या शेजारी बसून डबा खातात, आणि ही बातमी दडवून ठेवण्याशी माझी बढती बांधलेली आहे. अशा वेळी माणूस स्वतःशी काय बोलतो ते मला नीट ऐकायचं आहे. कारण मनात पहिलं आलं ते असं: मी इथवर माझ्या कष्टाने आले, बदल आला तेव्हा शिकले, ज्यांनी शिकायचं टाळलं त्यांची जबाबदारी माझी नाही.

हे वाक्य मी तपासून पाहिलं.

माझी सगळी नोकरी बदलत्या कायद्यांत गेली आहे. मी लागले तेव्हा विक्रीकर होता. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आला. मग १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि उत्पादन शुल्क, सेवाकर, व्हॅट, आमच्यापुरतं सगळं एका दिवसात इतिहासजमा झालं. त्यानंतर ई-वे बिल. मग ई-इन्व्हॉइस, जो १ ऑक्टोबर २०२०ला पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झाला आणि पायरी पायरीने खाली येत १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांनाही लागू झाला. दर वेळी पोर्टल नवं, फॉर्म नवे, तारखा नव्या. अकरा तारखेला जीएसटीआर-१, वीसला ३बी, सातला टीडीएस. माझ्या घरात सणवार या तारखा बघून ठरतात. या प्रत्येक बदलातून मी पार पडले आणि प्रत्येक वेळी थोडी वर सरकले, हे खरं आहे.

पण जीएसटीच्या वेळी मी ज्या कारखान्यात होते, तिथे एक्साइज बघणारे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. आरजी-१ म्हणजे रोजच्या उत्पादनाचं आणि साठ्याचं रजिस्टर, आरजी-२३ म्हणजे मोडव्हॅट-सेनव्हॅटच्या जमेचं. दोन्ही त्यांच्या हातची. रकाना आखलेला, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड कुठे नाही. एक्साइजचा इन्स्पेक्टर आला की मालकही त्यांना खुर्ची देत. लोकसभेत जीएसटीची विधेयकं २९ मार्च २०१७ला मंजूर झाली, त्या सुमारास कंपनीने कल्याणला एका प्रशिक्षणाला पाठवायला एक नाव निवडलं. ते माझं होतं. मी तेव्हा सदतिसाची, ते छप्पन्नचे. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, कारण त्यांना दोनच वर्षं उरली होती. मला तीन महिने आधी कळलं की हिशेबाची भाषाच बदलणार आहे. त्यांना जुलै उजाडल्यावर कळलं की त्यांचं रजिस्टर आता कुणी मागणार नाही.

माझ्यात आणि त्यांच्यात हुशारीचा फरक होता, असं मी आजवर मानत आले असेन, तर त्याला पुरावा नाही. सेनव्हॅटची जी गुंतागुंत ते तोंडी सांगत, ती समजलेल्या माणसाला इनपुट टॅक्स क्रेडिट समजायला एक आठवडा लागला असता. फरक तीन महिन्यांचा होता. मला आधी सांगितलं गेलं.

दुसरा हिशेब २०२०चा. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत मुभा मिळायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्टपासून प्रवास. सीएसएमटीपासून सुमारे अडुसष्ट किलोमीटरवरच्या गावाला लोकल बंद होणं म्हणजे काय, हे दादरला राहणाऱ्याला सांगून कळायचं नाही. इथली माणसं घर इथे घेतात ते लोकलच्या भरवशावर. २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं कुळगाव-बदलापूर २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, ते इथे नोकऱ्या वाढल्या म्हणून नव्हे. परवडणारं घर इथे होतं आणि पगार दुसऱ्या टोकाला. मधला रूळ उखडल्यासारखा झाला तेव्हा कित्येकांची नोकरी कागदावर होती आणि प्रत्यक्षात नव्हती.

माझी राहिली. आमचा माल औषधांसाठी लागत होता म्हणून कारखान्याला परवानगी होती, आणि मी तिथून एकाच स्टेशनच्या अंतरावर राहत होते. शेअर रिक्षा मिळाली नाही तर कंपनीची गाडी यायची. त्या वर्षी मला पगारवाढ मिळाली, कारण जे येऊ शकत नव्हते त्यांचं काम मी उचललं. पत्ता अंधेरीच्या कारखान्याचा असता तर मी तीच, तेवढीच कष्टाळू, घरी बसले असते.

माझे यजमान घरी बसले. ते अंधेरीला एका प्रवासी कंपनीत तिकिटांचं काम बघत. विमानं थांबली तेव्हा त्यांचं काम थांबलं, यात कुणाचा दोष नव्हता. जड गेलं ते पुढचं. दर महिन्याच्या अखेरीस वरिष्ठांचा फोन येई, "पुढच्या महिन्यात बघू." मग एक महिना थांबायचं. इस्त्रीचे शर्ट कपाटात, बॅग दाराजवळ, फोन कायम चार्ज केलेला, न जाणो बोलावणं आलं तर. कुणी दुसरं काही सुचवलं की ते म्हणत, "आता कसं सोडू, पुढच्या महिन्यात उघडतंय." नोकरी शेवटी गेलीच. तिचं दुःख त्यांनी पंधरा दिवसांत गिळलं. पण त्या वाट पाहण्यात जे वर्ष गेलं, त्याबद्दल आजही ते बोलत नाहीत. नंतर ते सोसायट्यांच्या कामात शिरले. बदलापूरला इमारती उभ्या राहतायत, सोसायटी नोंदवणं, मेंटेनन्सची बिलं, लिफ्टचे करार, सभेची इतिवृत्तं, हे सगळं करणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. ते शिकायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा त्या वाया गेलेल्या वर्षात सहज होता.

तक्त्याचं मी त्यांना सांगितलं. मालकांनी कुणाला बोलू नका म्हटलं होतं, पण घर त्यात धरलं नव्हतं असं मी मानलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "धीर देऊ नकोस कुणाला. तारीख दे."

आमच्या या पट्ट्यात हे कळायला फार लांब जावं लागत नाही. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी घ्या. दारूगोळा कारखान्यांचं निगमीकरण करणार, अशी घोषणा मे २०२०मध्ये झाली. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन देशभरातले ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली, तिच्या शेजारचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. सुमारे सत्तर हजार कर्मचारी एका रात्रीत थेट सरकारी न राहता कंपनीकडे डीम्ड डेप्युटेशनवर आले, आधी दोन वर्षांसाठी, मग ती मुदत वाढत गेली. संघटनांचा विरोध होता, संपाची हाक होती, आणि त्या काळात संरक्षण उत्पादनातल्या संपांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा वटहुकूम आणि पाठोपाठ कायदाही आला. त्या निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायची ही जागा नाही. पण एक गोष्ट मला दिसते. घोषणा आणि अंमल यांच्यात सव्वा वर्षाहून जास्त काळ होता. त्यात कुणी स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब मांडला, कुणी घराचं कर्ज आधी फेडलं, कुणी मोर्चात गेलं. माहीत होतं म्हणून विरोध तरी करता आला. त्याच फाटकातून रोज आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला मात्र कुणी तारीख दिली नाही. त्याची तारीख ठेकेदाराचं कंत्राट संपण्याची.

आणि कल्याणपलीकडे आंबिवलीजवळ मोहोन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, जिला सगळे एनआरसी म्हणतात. २००९मध्ये ती बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं रखडली. कारखाना बंद होणं एका दिवसाचं असतं. तो आज ना उद्या सुरू होईल, या आशेवर वसाहतीतल्या घराघरांत जी वर्षं गेली, ती कुठल्याच देण्यात धरली जात नाहीत.

अनिश्चित काळ म्हणतो आपण, पण अनिश्चितता सगळ्यांना सारखी वाटलेली नसते. वरच्याला निम्मं माहीत असतं, मधल्याला थोडं, खालच्याला काहीच नाही. मी आता मधली आहे. याआधी मी जेव्हा जेव्हा तरले, तेव्हा वरच्या कुणीतरी मला वेळेत सांगितलं होतं. म्हणजे मी जिला माझी प्रगती म्हणते तिच्यात दुसऱ्याने दिलेली आगाऊ सूचना आहे, आणि ती परत करायची वेळ आली आहे. माझ्यापुढचा प्रश्न मला आता एवढा स्पष्ट दिसतो.

तरीही मी लगेच उठून तिघांना सांगितलं नाही, आणि त्याची कारणं प्रामाणिकपणे पाहायला हवीत.

मालक वाईट आहेत म्हणून हे चाललंय, असं म्हटलं तर माझं काम फार सोपं होईल. ते तसे नाहीत. कारखाना मध्यम गटात मोडतो. लहान पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर प्राप्तिकर कायद्यानुसार वर्षअखेरीस तो खर्च वजावटीत धरला जात नाही. हा नियम योग्यच आहे. पण आमच्या मोठ्या गिऱ्हाईकांकडून आमचे पैसे यायला तीन-तीन महिने लागतात, आणि मध्यम असल्यामुळे त्या नियमाचं संरक्षण आम्हाला नाही. मधल्या खड्ड्यात बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा असते आणि तिचं व्याज. ते आकडे मालकांच्या आधी मी बघते. खर्च कमी करा म्हणणाऱ्या माणसाची रात्र कशी जाते, ते मला ठाऊक आहे. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडणं हीसुद्धा विवेकाची गोष्ट नव्हे. हिशेबनीस माणसाजवळ पोटात ठेवण्याचा गुण नसेल तर त्याने हे काम करू नये.

दुसरं कारण माझ्या आतलं आहे. मला ती जागा हवी आहे. बऱ्याच वर्षांपासून हवी आहे. ताळेबंद मी तयार करायचा, बँकेच्या बैठकीची टिपणं मी करायची आणि खुर्चीत जाऊन दुसऱ्याने बसायचं, हे मी दोन कारखान्यांत पाहिलं आहे. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे आणि घराचा हप्ता आहे, ही गरज खरी. पण हप्ता आत्ताच्या पगारातही जातो. तेव्हा ती जागा मला केवळ हप्त्यासाठी हवी आहे असं म्हणणं खोटं ठरेल. मला मान हवा आहे. सीएच्या ऑफिसातून फोन आला की "साहेबांना द्या" असं न म्हणता त्यांनी माझ्याशी बोलावं, असं वाटतं. या इच्छेची लाज वाटून घ्यायचं कारण मला सापडलं नाही. पण ती पोटाच्या नावाखाली लपली तर ती माझ्याकडून काहीही करवून घेईल, हे सापडलं. पोटासाठी केलं म्हटलं की माणूस स्वतःला सगळं माफ करतो.

आणि उलट बाजूही तपासली. तिघांना सांगावं असं वाटतं, त्यात त्यांची काळजी किती आणि आपण चांगलं ठरावं ही हौस किती? बातमी फोडायची, हळहळायचं, आणि मग तक्ता देऊन टाकायचा, यात माझं मन हलकं होईल, त्यांचं काही होणार नाही. यजमानांच्या बोलण्याचा अर्थ मला तिथे लागला. धीर हा सांगणाऱ्याच्या सोयीचा असतो. तारीख ऐकणाऱ्याच्या उपयोगाची असते.

कायदा काय देतो तेही पाहिलं. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, हे जुन्या कायद्यातलंच आहे. तीनशेच्या आत कामगार असतील तर सरकारची परवानगी लागत नाही, म्हणजे आम्हाला लागणार नाही. नवीन म्हणजे पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात मालकाने दिलेली, शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम जमा होईल अशी व्यवस्था त्यात आहे. निदान शिकण्यासाठी काही लागतं हे कायद्याने मान्य केलं, हे मी कमी लेखत नाही. पण ते नोकरी गेल्यावर. पगार चालू असताना, डोक्यावर छप्पर असताना जे शिकता येतं, ते नोटीस हातात पडल्यावर शिकता येत नाही. आमच्या घरात हे घडलं आहे.

तेव्हा तक्त्याचं मी काय केलं ते सांगते. त्यात माणसांची नावं घातली नाहीत, कामं घातली. मालकांनी तेच मागितलं होतं खरं तर, पण चार माणसांच्या विभागात कामाच्या नावावरून माणूस लगेच कळतो, म्हणून मी पहिली ओळ माझ्या कामांची घातली. विवरणं तयार करणं, टूबीची मिळवणी, महिन्याचा अहवाल: माझं निम्मं काम सॉफ्टवेअर करेल. उरतं काय? कर कार्यालयाची नोटीस आली तर तिला उत्तर देणं. बँकेच्या माणसाला मर्यादा का वाढवून हवी ते पटवणं. थकलेल्या गिऱ्हाईकाला फोन करून भांडण न करता पैसे काढणं. हे लिहिताना मला कळलं की उरणाऱ्या कामांची यादी करायलाच कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात रकाना फक्त जाणाऱ्या कामांचा होता. मी दुसरा रकाना जोडला.

त्या दुसऱ्या रकान्यासाठी मी काकांचं काम जवळून बघितलं. पुरवठादाराने त्याचं जीएसटीआर-१ भरलं नाही तर आपण भरलेल्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, कायद्याने ते बंद आहे. दर महिन्याला आमची काही रक्कम अशी अडकते. सॉफ्टवेअर ती लाल रंगात दाखवेल, पण नवी मुंबईतल्या ड्रमवाल्याला किंवा उल्हासनगरच्या पॅकिंगवाल्याला फोन करून "भाऊ, रिटर्न भरलं नाही का अजून, आमचे पैसे अडकलेत," हे कोण म्हणणार? काका आजही म्हणतात, बिलं चढवता चढवता, सवड मिळाली तर. त्यांना प्रत्येकाचा मुनीम नावाने ठाऊक, कुणाचा मुलगा दहावीला आहे तेही ठाऊक. उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांशी ते मोडक्यातोडक्या सिंधीत बोलतात आणि समोरचा हसून काम करून देतो. मी मागच्या वर्षभराची अडकलेली आणि त्यांच्या फोनमुळे सुटलेली रक्कम काढली. ती त्यांच्या पगारापेक्षा बरीच जास्त निघाली. दयेने ठेवा असं मला म्हणावं लागणार नाही. हा आकडा मालकांपुढे ठेवता येईल, आणि आकडा ते ऐकतात.

ताईंना मी विवरणाचं काम शिकवायला घेतलं आहे, त्या मुलीला कर्जाचे अहवाल. कारण सांगितलं नाही. हे अर्धवट सांगणं मला सगळ्यात जास्त टोचतं. मुलगी हुशार आहे, तिने परवा विचारलं, "मॅडम, हे एकदम का?" मी म्हटलं, "मलाही पुढे लागेल, तुलाही लागेल." यात खोटं काही नाही आणि पूर्ण खरंही नाही. असं किती दिवस चालवायचं, याची मर्यादा मी स्वतःला घातली आहे. कुणी सरळ विचारलं, आमची नोकरी जाणार आहे का, तर मी नाही म्हणणार नाही. मालकांना हे मी आधीच सांगणार आहे, पाठीमागून नाही.

तक्त्याचा शेवटचा रकाना तारखेचा आहे. या महिन्याची वीस तारीख उलटली, विवरण भरून झालं, की विभागाला बोलावून सांगायचं: सॉफ्टवेअर केव्हा येणार, कोणतं काम केव्हा थांबणार, कोणतं नवं सुरू होणार, आणि त्यासाठी सहा महिने पगारी शिकणं. ती तारीख मान्य असेल तरच मी विभागाची जबाबदारी घेईन. मान्य नसेल तर पद नको असं म्हणण्याइतकी ताकद माझ्यात आहे. नोकरीच नको असं म्हणण्याइतकी नाही, आणि तसा आव मी आणणार नाही. मुलीचं शिक्षण व्हायचं आहे.

काकांचा प्रश्न तरीही उरतो, कारण मालक तो आकडा पाहूनही नाही म्हणू शकतात. त्यासाठी मी त्यांचा वेगळा कागद केला आहे. ग्रॅच्युइटी: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. पीएफची पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण, त्याआधी घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कमी, म्हणजे चोपन्नाव्या वर्षी घेतली तर सोळा टक्के कमी, आणि ती कपात कायमची, म्हणून शक्यतो हात लावू नये. त्यांच्या घराचं कर्ज फिटलेलं आहे. मुलगा अंबरनाथच्या आयटीआयमधून फिटर होऊन तळोज्याला लागला आहे. काकू घरी पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेतात. चार वर्षांचा मधला काळ भरून काढायचा आहे, एवढाच तो प्रश्न आहे, आणि चार लहान पुरवठादारांची विवरणं घरून भरून दिली तर तो बराचसा भरतो. ज्यांना ते रोज "रिटर्न भरा" म्हणून फोन करतात, त्यांच्यातल्या निम्म्यांकडे भरणारा माणूस नाही म्हणून ती रखडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

हे सगळं मी त्यांना ऑफिसात सांगणार नाही. सुटल्यावर अंबरनाथ स्टेशनच्या पुलापर्यंत आम्ही बरोबर चालत जातो, तेव्हा सांगेन, मालकांनी हो म्हटलं तर त्याच संध्याकाळी आणि नाही म्हटलं तरीही. वाक्य ठरवून ठेवलं आहे: "काका, बिलं चढवायचं काम वर्षभरात संपतंय. तुमच्याजोगं दुसरं काम मी दाखवलंय, ते मिळेलच असं नाही. न मिळालं तर काय, त्याचा हिशेब या कागदावर आहे. रविवारी घरी या, काकूंनाही आणा, बसून बघू."